परक्या हाताचे वाळवण

माघ सरत आला आणि भूपेंद्रने लावलेली वांगी एकाच आठवड्यात भरून आली. खानदेशातली भरताची वांगी ती. पोपटी, पांढऱ्या रेघांची, बाळाच्या डोक्याएवढी. झाडे त्यांच्या भाराने वाकली, तेव्हा त्याच्या आईने, मंगलाबाईंनी, प्रत्येकाला बांबूची कामटी लावली आणि यंत्रमागावरच्या टाकाऊ नायलॉन सुताने बांधली. सूत भूपेंद्रनेच आणून खुंटीला अडकवून ठेवले होते. गुंडाळी अजून अर्धीही संपली नव्हती.

सुरतेच्या लिंबायतमधल्या त्या गल्लीत घरांच्या मागे खाडीची भिंत होती, आणि भिंत व घर यांच्यामध्ये चार हात रुंदीची पट्टी. तिथली माती कामाची नव्हती. खणली की प्लॅस्टिक निघे आणि वास येई. भूपेंद्रने सचिन स्टेशनच्या पुढे रस्त्याचे काम चालले होते तिथून काळी माती पोत्यांत भरून रिक्षाने आणली होती. बारा पोती. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपायचे सोडून दोन दिवस माती ओतत बसला होता. नवरात्रात रोपे लावली, गवार टोचली, मिरची लावली, भिंतीवर गिलक्याचा वेल चढवला. मार्गशीर्षात एका सकाळी पाळी सुटायला अर्धा तास असताना तो मागाजवळ उभ्या उभ्या छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. छत्तीस वर्षांचा होता.

झाडांना ते कोणी सांगितले नव्हते. ती वाढत राहिली.

भूपेंद्रच्या बायकोने, वर्षाने, पहिल्या दिवशी सात वांगी तोडली, विळी घेतली आणि मागच्या ओट्यावर बसली. मोठ्या पातेल्यात ताक आणि मीठ कालवून ठेवले होते. दरवर्षी असेच चाले: वांग्याच्या चकत्या ताकमिठात बुडवायच्या, गच्चीवर धुतलेल्या लुगड्यावर पसरायच्या, चार उन्हे दाखवायच्या. वाळलेल्या काचऱ्या, गवार, सांडगी मिरची, असे तीन डबे भरले की पावसाळा निभावे.

"ठेव ती विळी," मंगलाबाई दारातून म्हणाल्या.

वर्षाने वर पाहिले. "आई?"

"आपलं घर दुखवटामा शे. वरीसभर आपला हातनं वाळवण व्हस नही. तुले माहीत नही का?"

"माहीत शे. पण त्यास्नी लायेल वांगा शेतस ना." वर्षाचा आवाज बारीक झाला. "सडू देवाना का?"

"खावा. भरीत करा. गल्लीमा वाटा."

"आणि आखाजीले? त्यासना ताटमा काय वाढशात?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवायचा, पुढे ताट मांडायचे. आणि त्या ताटात नवे वाळवण तळून वाढल्याशिवाय ताट पुरे होत नाही, हे वर्षाला मंगलाबाईंनीच शिकवले होते. ही तर भूपेंद्रची पहिली घागर.

"कोणी ना कोणी पाटी लयी येईन," त्या म्हणाल्या. "दुखवटाना घरले परका हातनं वाळवण येस. आजपावत कधी चुकनं नही."

वर्षाने ताकाचे पातेले उचलले आणि मोरीत ओतले.

कधी चुकले नाही, हे खरे होते. कारण ते चुकू न देणाऱ्या मंगलाबाईच होत्या. अमळनेरजवळच्या गावातून नवऱ्यामागोमाग त्या सुरतेस आल्या, त्याला बेचाळीस वर्षे झाली. गल्लीत खानदेशची तीस-पस्तीस घरे. पापडाचे पीठ किती कुटायचे, मिरचीत मसाला कधी भरायचा, कोणाची गच्ची कोणत्या दिवशी, हे मंगलाबाई ठरवत आणि इतर बायका मानत. ज्या घरात माणूस जाई, त्या घरी चैत्रात बांबूची पाटी डोक्यावर घेऊन त्या स्वतः जात. पाटी उंबऱ्यात उतरवत, रडणाऱ्या बाईच्या पाठीवर एकदा हात ठेवत आणि पाणीही न घेता परतत. अशा किती पाट्या त्यांनी पोचवल्या त्याला गणती नव्हती.

पण त्या बायकांपैकी आता किती उरल्या होत्या? कोणी मुलांबरोबर नव्या सोसायटीत गेल्या, कोणी गावी परतल्या, कोणी गेल्याच. त्यांच्या सुना दिवसभर साड्यांना लेस लावत बसत. शंभर साड्या झाल्या तर संध्याकाळचे भागे. वाळवण घालायला हात कोणाचे मोकळे होते?

होळी झाली. भरीत खाऊन घर कंटाळले. शेजारच्या वत्सलाने तिसऱ्या वेळी वांगी घेताना हसून म्हटले, "मावशी, आता पुरे हं, पोरं मला घराबाहेर काढतील." तेव्हापासून मंगलाबाईंनी वाटणे थांबवले. वांगी झाडावर पिवळी पडू लागली, काही खाली गळून फुटली, त्यांच्यावर मुंग्या लागल्या. वर्षा रोज सकाळी पाणी घालायची आणि त्यांच्याकडे न बघता आत यायची. पाणी घालणे तिने सोडले नाही, एवढेच.

वर्षाची सातवीतली मुलगी हर्षदा एकदा अभ्यासाच्या वहीतून डोके वर काढून शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "आजी, मोबाइलमां मंगावी दउं? दस मिनिटमां आवी जशे. पापड, कुरडई, बधुं मळे छे."

"तुन्हा बापना ताटमा मोबाइलनं वाढसूत का?" मंगलाबाई म्हणाल्या.

पोरीने डोके पुन्हा वहीत घातले. थोड्या वेळाने वहीवर टप् असा आवाज झाला, तेव्हा मंगलाबाई उठून मागे गेल्या आणि नसलेले तण उपटत बसल्या.

गुढीपाडव्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी उखाभाऊ आला. मंगलाबाईंचा चुलत दीर, उधन्याला राहणारा. भाऊबंदांत जवळचा तोच, म्हणून पाटी त्याच्याकडून येणार हे त्यांनी मनात धरून ठेवले होते. तो रिक्षातून उतरला तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि उंबऱ्यापासून मागे सरून पाटीला जागा केली.

उखाभाऊच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. त्याने ती खाटेवर ठेवली. आतून पापडांची दोन पाकिटे निघाली आणि एक कुरडयांचे. पाकिटावर हसणाऱ्या बाईचे चित्र होते आणि किमतीची चिठ्ठी, तिच्यावर 'एकावर एक मोफत' असे छापलेले.

"वहिनी, आते घरमा कोण घालस?" उखाभाऊ टोपी काढून वारा घेत म्हणाला. "हाई बी चांगलंच शे. मशीनवरनं. एकसारखं गोल."

"बस, भाऊ. चहा टाकस."

"माले समजस, तुम्हले आवडनार नही. पण तुम्हनी देराणीना गुडघा गया. ती खाली बठू शकस नही."

"तिले सांग, तेल लाव म्हना," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांनी चहा केला, बशीत शेव दिली, त्याच्या नातवाची चौकशी केली. त्यांच्या वागण्यात उखाभाऊला काहीच खटकले नाही. तो गेल्यावर त्यांनी पाकिटे उचलून कपाटावर, अगदी भिंतीच्या बाजूला सारली. वर्षा दाराआडून बघत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "रंभाबाई अजून घालतस. दरवरीस. त्यासनी गच्ची..."

"माले दिसस त्यासनी गच्ची," मंगलाबाई म्हणाल्या.

दिसत तर होतीच. गल्लीच्या टोकाला, लोखंडी जिन्याचे घर. रंभाबाई भुसावळकडच्या. त्यांचे यजमान नागनाथ रेल्वेत गँगमन होते. घरात बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो. मुलगा प्रमोद इच्छापोरला ठेकेदाराकडे कामाला. बेचाळीस वर्षांत मंगलाबाई त्या जिन्यापर्यंत गेल्या होत्या, जिना चढल्या नव्हत्या. भांडण कधी झाले नाही. नळावर बोलणे होई, सणाला गोडाची वाटी उंबऱ्यावरून इकडून तिकडे जाई, आणि तिकडून आलेली वाटी झाडूवालीला दिली जाई.

नागनाथ बारा वर्षांपूर्वी गेले. त्या चैत्रात मंगलाबाईंनी गल्लीत दोन पाट्या पोचवल्या. तिसरी भरली नाही. त्यांच्यात हे चालत नसेल, असे त्या तेव्हा घरात म्हणाल्या होत्या. कोणी विचारले नसताना म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलाबाईंनी पट्टीतली सारी चांगली वांगी तोडली. सगळ्यांत मोठे एक तेवढे बियांसाठी राखले, त्याला लाल चिंधी बांधली. गवारीच्या शेंगा खुडल्या, मिरच्या खुडल्या. पाटी भरली. वर्षा पुढे झाली, तिला त्यांनी हातानेच थांबवले आणि चुंबळ डोक्यावर ठेवली. सदुसष्ट वर्षांची मान पाटीखाली ताठ झाली. गल्लीतल्या बायकांनी लेस लावता लावता माना वर केल्या. कच्चा माल डोक्यावर घेऊन दुखवट्यातली बाई दुसऱ्याच्या दारी निघाली आहे, याचा अर्थ जुन्या दोघी-तिघींना तरी कळला असणार. मंगलाबाईंनी कोणाकडे पाहिले नाही.

लोखंडी जिना तापला होता. सोळा पायऱ्या. वर पोचेपर्यंत त्यांच्या छातीचा भाता झाला होता.

रंभाबाई दारातच बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिले, पाटीकडे पाहिले, मग सूप बाजूला ठेवले आणि उठून पाटीला हात लावला. दोघींनी मिळून ती खाली उतरवली. रंभाबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून पुढे धरला. मंगलाबाईंनी तो घेतला आणि सारे पाणी प्यायल्या.

"भूपेंद्रनं लावलेली आहेत," त्या म्हणाल्या. गल्लीबाहेरच्या माणसाशी बोलावी तशी त्यांची भाषा आपोआप बदलली. "आमच्या हातानं चालत नाही. आखाजीला ताटात लागतं."

"ठाऊक आहे मला."

"तुमच्यात हे..."

"आमच्यात घागर भरत नाहीत," रंभाबाई म्हणाल्या. "पावसाळा आमच्यातही येतो, मंगलाबाई. आणि दुखवट्यात हात चालत नाही, ते माझ्या सासूनंही मला सांगितलं होतं. तेवढं राहून गेलं होतं अंगात." त्यांनी एक वांगे उचलून देठ पाहिला. "हे गेले त्या चैत्रात मी या दारात बसायची. तुमची पाटी खाली गल्लीतून जाताना दिसायची. मला वाटायचं, पुढची फेरी आपली. तीन दिवस दार लावलं नाही मी."

खालून मागांचा खडखडाट येत होता. मंगलाबाईंना काहीतरी म्हणायचे होते. माफी मागण्याची सवय त्या जिभेला नव्हती.

"पोरगा चांगला होता," रंभाबाईच म्हणाल्या. "माझा सिलिंडर वर चढवून द्यायचा. ठेवा पाटी. उद्या काप लावते."

एवढेच. चुंबळ हातात घेऊन मंगलाबाई जिना उतरल्या.

पुढचे सहा दिवस मंगलाबाई मागच्या पट्टीत उभ्या राहून वर बघत. कठडा गजांचा होता, त्यामुळे रंभाबाईंची गच्ची तिथून बरीचशी दिसे. सकाळी आठालाच चैत्राचे ऊन पत्र्यावरून उसळू लागे. पासष्ट वर्षांची ती बाई विळी घेऊन बसे, डोक्यावर ओला पंचा टाके, एकेक चकती काढी. मध्येच उठून कमरेवर हात ठेवी, वाकलेली पाठ सरळ होईपर्यंत तशीच थांबे, पुन्हा बसे. पाटीभर वांगी आणि दोन हात. मंगलाबाईंनी वाकून बोट लावायचे नव्हते, वर्षानेही नाही, हर्षदानेही नाही. आपल्यासाठी दुसरे शरीर उन्हात झिजताना नुसते बघत राहायचे, ही शिक्षा त्यांना आयुष्यात प्रथमच मिळत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना राहवले नाही.

"जाड पडतायत चकत्या!" त्यांनी खालून हाक दिली. "बारीक काप, आतून ओल राहील!"

गच्चीच्या कठड्यावरून रंभाबाईंचे डोके दिसले. "खालून दिसतात होय बाई तुम्हाला? डोळे शाबूत आहेत म्हणायचे."

"मीठ किती घातलंस?"

"तुमच्याहून कमी. तुमची मिरची खाऊन गल्लीभर लोक पाणी पितात दोन दिवस."

ओट्यावर भांडी घासणारी वर्षा हसली. मार्गशीर्षानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. मंगलाबाई तिच्यावर डाफरणार होत्या; पण त्यांनी तोंड फिरवले आणि गिलक्याच्या वेलाला सूत बांधत राहिल्या.

आठवड्याच्या शेवटी काचऱ्या पांढुरक्या होऊन कडकडायला लागल्या. गवार वाळली. मसाला भरलेल्या मिरच्यांना अजून एक-दोन उन्हे हवी होती. आखाजी चार दिवसांवर आली होती.

त्या दुपारी रंभाबाईंना प्रमोदने दवाखान्यात नेले. पाठीत लचक भरली होती; सुई देऊन तासाभरात सोडतील, असे तो जाताना वर्षाला सांगून गेला. वाळवण गच्चीवरच होते.

मंगलाबाई पट्टीत बसून चिंधी बांधलेले वांगे चाचपत होत्या. वारा थांबला. मग तो उलट्या बाजूने आला, तेव्हा त्यांनी मान वर केली. गल्लीत बेचाळीस वर्षे काढलेल्या कोणत्याही बाईला त्या वाऱ्याचा अर्थ सांगावा लागत नसे. खाडीपलीकडच्या रंगाच्या कारखान्याची चिमणी काळा धूर सोडत होती, आणि वारा तिकडून फिरला की काजळी गल्लीवर उतरे. दोऱ्यांवरचे कपडे ओढून घ्यायला बायका धावत. पहिला काळा तुकडा त्यांच्या हातावर पडला. बोटाने पुसला तर रेघ उमटली.

त्यांनी खाटेवरची चादर ओढली आणि रंभाबाईंचा जिना चढल्या. या वेळी छाती भरून आल्याचे भानही त्यांना राहिले नाही. गच्चीवर तीन लुगडी अंथरली होती. एकावर काचऱ्या, एकावर गवार, एकावर मिरच्या. काजळी अजून विरळ होती.

चादर उलगडून त्या पुढे झाल्या, आणि थांबल्या.

आपला हात लागला तर हे आपल्या घरचे वाळवण होईल. परक्या हाताचे राहणार नाही. भूपेंद्रच्या ताटात दुखवट्याच्या हाताचे कसे वाढायचे? त्याला पोचेल का? जन्मभर दुसऱ्यांना जो नियम सांगितला, तो पोटच्या पोरासाठी मोडायचा? आणि मोडला तर एवढे सहा दिवस त्या बाईने ऊन खाल्ले ते कशासाठी?

"वत्सला!" त्यांनी कठड्याशी येऊन हाक मारली. "ए वत्सला! कोणी आहे का गं? वर या! झाका हे!"

गल्लीत बायका आपापले कपडे ओढत होत्या. माग खडखडत होते. रात्रपाळीचे पुरुष पंख्याखाली झोपले होते. हाक कोणापर्यंत पोचली नाही. त्या परत लुगड्यांजवळ आल्या, पुन्हा कठड्याशी गेल्या. काजळी दाट झाली. ती आवाज न करता उतरत होती, शिशिरातल्या पाचोळ्यासारखी हलकी, आणि ताकाने खारलेल्या पांढऱ्या चकत्यांवर चिकटत होती. मंगलाबाई दोन्ही हातांत चादर ताणून धरून मधोमध उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यांवर, केसांवर काळे पडत होते. चादरीवरही पडत होते.

जिन्यावर पावले वाजली तेव्हा वारा परत फिरला होता.

रंभाबाई कमरेला पट्टा बांधून, कठड्याला धरून वर आल्या. त्यांनी लुगडी पाहिली. मग चादर पाहिली, आणि ती धरून उभ्या असलेल्या मंगलाबाईंना पाहिले.

"तुम्ही इथंच होता?"

"माझा हात चालत नाही," मंगलाबाई म्हणाल्या.

"झाकायलासुद्धा?"

मंगलाबाईंच्या हातातली चादर खाली आली.

रंभाबाई रागावल्या नाहीत. त्या हळूहळू, एक हात पाठीवर ठेवून, खाली बसल्या आणि एक चकती उचलून फुंकली. काळे गेले नाही. दुसरी उचलली. बराच वेळ त्या निवडत राहिल्या. बरी एका बाजूला, काळी दुसऱ्या बाजूला. काळ्यांचा ढीग मोठा होत गेला. "जा तुम्ही आता," त्या वर न बघता म्हणाल्या. "ऊन लागेल."

आखाजीला सकाळी वर्षाने घागर भरली. तिच्या गळ्यात सूत गुंडाळले, वर डांगर ठेवले, आंबा ठेवला. आमरस झाला, पुरणपोळी झाली, खीर झाली. ताट मांडून ठेवले आणि तेलाची कढई चुलीवर न ठेवताच मंगलाबाई दाराकडे तोंड करून बसल्या. दहा वाजले. अकरा वाजले. हर्षदा दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. वर्षाची नजर एकदा कपाटावरच्या पाकिटांकडे गेली. मंगलाबाईंना ते दिसले. त्यांनी दार आणखी उघडले.

साडेअकराला लोखंडी जिना वाजला.

रंभाबाई पाटी डोक्यावर घेऊन आल्या नाहीत. पाठीला ते जमणार नव्हते. त्यांनी ती कमरेवर धरली होती, पोर धरावे तशी. उंबऱ्यात उतरवली. पाटीत दोन कागदी पुड्या होत्या, मोठी आणि लहान.

"लहान पुडीतल्या चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "ताटापुरत्या. मोठीतल्या मी ओल्या फडक्यानं पुसून परत वाळवल्या, पण काळं पुरतं निघालं नाही. टाकवत नव्हत्या. तुम्ही काय ते बघा."

त्यांनी मंगलाबाईंच्या पाठीवर एकदा हात ठेवला आणि वळल्या.

"बसा," मंगलाबाई म्हणाल्या. "पान वाढते."

"दुखवट्याच्या घरी पाटी आणणारी पाणीही घेत नाही," रंभाबाई म्हणाल्या. "तुमचीच रीत आहे ती." आणि त्या कठडे, भिंती धरत धरत गल्लीतून निघून गेल्या. मंगलाबाई दारात उभ्या राहून त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत होत्या.

लहान पुडीत अकरा काचऱ्या, मूठभर गवार आणि पाच मिरच्या होत्या. वर्षाने त्या तळल्या, घागरीपुढच्या ताटात मांडल्या. हर्षदाने हात जोडले आणि डोळे घट्ट मिटले.

"मोठी पुडी उकिरड्यावर टाकू का?" वर्षाने विचारले.

"नको. तळ."

"आई, काया शेतस त्या."

"तळ, सांगस ना."

सगळ्यांची जेवणे झाल्यावर मंगलाबाई आपले ताट घेऊन बसल्या. पोळी घेतली नाही, रस घेतला नाही. काळ्या काचऱ्या ताटभर वाढून घेतल्या आणि एक तोंडात टाकली. ताक, मीठ, आणि त्या मातीतल्या वांग्याचा गोडसर कडवटपणा. मीठ कमी होते. मग दातांखाली काजळी करकरली.

वर्षाने पाण्याचा तांब्या पुढे केला. मंगलाबाईंनी तो बाजूला सारला, गिळले, आणि दुसरी काचरी उचलली.